फाइल अपलोडचं इनपुट कोडमधून चालवणं: खिडकी उघडणं, एकच फाइल काढणं, आधीच्या फाइल्स दाखवणं

जोडपत्र (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अर्ज भरायच्या एका पानावर कागदपत्रं जोडायचा भाग आहे. साधं जावास्क्रिप्ट, फ्रेमवर्क नाही. फाइल प्रकारचं एकच इनपुट, त्यावर मल्टिपल लावलंय. जास्तीत जास्त ५ फाइल्स, प्रत्येकी १० एमबीपर्यंत, पीडीएफ किंवा जेपेग. मूळ इनपुट डिस्प्ले नन देऊन लपवलंय. दिसतं ते आमचं बटण, आणि त्याखाली निवडलेल्या फाइल्सची यादी, प्रत्येक नावापुढे फुली.

अडतंय ते असं.

बटण दाबल्यावर आधी सर्व्हरला विचारतो, या अर्जात अजून फाइल बसेल का. होकार आला की इनपुटची क्लिक मेथड चालवतो. कधी फाइल निवडायची खिडकी उघडते, कधी काहीच होत नाही. नेटवर्क संथ असलं की हमखास उघडत नाही.

फुली दाबली की तेवढीच फाइल निवडीतून जायला हवी. फाइल्स प्रॉपर्टीवर स्प्लाइस चालत नाही, डिलीट केलं तरी यादी जशीच्या तशी.

पडद्यावरच्या यादीतून काढलेली फाइल लगेच पुन्हा निवडली तर चेंज इव्हेंटच येत नाही.

अर्ज दुरुस्तीच्या पानावर आधी चढवलेल्या फाइल्स याच यादीत दिसायला हव्यात. व्हॅल्यूमध्ये सर्व्हरवरचा पत्ता घातला की इनव्हॅलिडस्टेटएरर येते.

आणि शेवटचं, प्रोग्रेसची पट्टी १०० टक्क्यांवर पोहोचते आणि मग ४१३ (विनंती फार मोठी असल्याचा सर्व्हरचा नकार) येतो. फाइल ३ एमबीची असली तरी.

---

टोकदारकंस

पहिल्या चार अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हे इनपुट पानावर असलं तरी ते ब्राउझरच्या ताब्यात असतं. व्हॅल्यूमध्ये हवा तो पत्ता लिहायची मुभा असती, तर कुठल्याही साइटने न विचारता डिस्कवरची कुठलीही फाइल उचलली असती. त्यामुळे कोडमधून व्हॅल्यूत फक्त रिकामी स्ट्रिंग घालता येते. दुसरं काहीही घातलं की तुम्हाला आली ती एरर. वाचतानाही खरा पत्ता मिळत नाही. सी ड्राइव्ह, फेकपाथ नावाचा फोल्डर आणि पुढे पहिल्या फाइलचं नाव, असा बनावट पत्ता मिळतो, तोही मॅकवर आणि लिनक्सवरसुद्धा. म्हणून नाव हवं असेल तर व्हॅल्यू तोडत बसू नका, फाइल्समधल्या त्या फाइलची नेम प्रॉपर्टी वाचा.

आता खिडकी. वापरणाऱ्याने नुकतंच काही दाबलं असेल तरच ब्राउझर ती उघडू देतो, आणि ही मुभा थोडाच वेळ टिकते. क्रोममध्ये साधारण ५ सेकंद, सफारीमध्ये त्याहून कमी. तुमच्या हँडलरमध्ये क्लिकच्या आधी सर्व्हरसाठी अवेट आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत कोड थांबतो. उत्तर लवकर आलं तर मुभा शिल्लक असते, उशिरा आलं तर ती संपलेली असते. क्लिक मेथड अशा वेळी एरर फेकत नाही, गप्प बसते. क्रोमच्या कन्सोलमध्ये तेवढी एक सूचना दिसते. शोध घेताना क्लिकच्या जागी शोपिकर वापरून बघा. मुभा नसेल तर ती नॉटअलाउडएरर फेकते, म्हणजे नेमकं काय झालं ते हाती लागतं. क्रोम ९९, फायरफॉक्स १०१ आणि सफारी १६ पासून ती आहे.

उपाय म्हणजे सर्व्हरचं विचारणं क्लिकच्या वाटेतून काढा. किती जागा शिल्लक आहे ते पान उघडताना आणि प्रत्येक फाइल चढल्यावर विचारून व्हेरिएबलमध्ये ठेवा. बटणाच्या हँडलरमध्ये तो आकडा बघा आणि मध्ये अवेट न घालता तिथल्या तिथे क्लिक चालवा. आकडा जुना निघाला तरी बिघडत नाही, सर्व्हरला फाइल घेताना तपासणी करावीच लागते.

त्याहून बरं म्हणजे खिडकी उघडायला कोडच नको. बटणाऐवजी लेबल ठेवा आणि त्याच्या फॉर अॅट्रिब्यूटमध्ये इनपुटचा आयडी द्या. मात्र मग डिस्प्ले नन काढावं लागेल. तसं लपवलेल्या इनपुटवर टॅबने जाता येत नाही, आणि लेबलवर मुळात फोकस जात नाही, म्हणजे कीबोर्डवर काम करणाऱ्याला वाटच उरत नाही. शिवाय त्या इनपुटवर रिक्वायर्ड असेल तर ब्राउझरला सूचनेचा फुगा दाखवायला जागा मिळत नाही. फॉर्म जात नाही आणि पानावर कारणही दिसत नाही. म्हणून इनपुट फक्त नजरेआड करा: पोझिशन अॅब्सोल्यूट, रुंदी-उंची १ पिक्सेल, ओव्हरफ्लो हिडन, क्लिप-पाथ इनसेट ५० टक्के. लेबल इनपुटच्या लगेच नंतर ठेवलं की इनपुटच्या फोकस-व्हिजिबलला शेजारचा सिलेक्टर जोडून लेबलला किनार देता येते.

एक फाइल काढण्याबद्दल: फाइललिस्ट, म्हणजे फाइल्स प्रॉपर्टीतली यादी, फक्त वाचण्यापुरती असते, तिच्यातून काढता येत नाही. पण अख्खी यादी बदलता येते. नवा डेटाट्रान्सफर (ओढून टाकलेल्या फाइल्स धरणारा ब्राउझरचा ऑब्जेक्ट) बनवा, ठेवायच्या फाइल्स लूपमध्ये त्याच्या आयटम्समध्ये अॅड करा, आणि शेवटी त्याची फाइल्स यादी इनपुटच्या फाइल्सला द्या. कोडमधून डेटाट्रान्सफर बनवणं २०२१ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतं. फाइल्स अशा बदलल्या की प्रमाणानुसार चेंज इव्हेंट येत नाही. तो हवा असेल तर स्वतः सोडा, बबल्स खरं ठेवून, म्हणजे तो वरच्या एलिमेंटांपर्यंतही पोहोचेल. आणि चेंजच्या हँडलरमध्येच फाइल्स बदलून पुन्हा चेंज सोडत असाल तर आधी इव्हेंटचं इझट्रस्टेड (तो ब्राउझरने सोडला की कोडने, ते सांगणारी प्रॉपर्टी) तपासा. ते खोटं असेल तर परत फिरा, नाहीतर हँडलर स्वतःलाच बोलावत राहील.

---

अर्धविराम

डेटाट्रान्सफरची युक्ती चालते, पण या पानासाठी मी ती सुचवणार नाही. प्रत्येक फुलीला इनपुटची यादी नव्याने रचायची आणि पडद्यावरची यादी तिच्याशी जुळवत राहायची, म्हणजे खरी यादी दोन ठिकाणी. लवकरच त्या दोघींत फरक पडतो. इनपुट हे फक्त दार समजा. फाइल आत आली की दाराचं काम संपलं, हिशेब आपल्या अॅरेत ठेवायचा.

चेंजच्या हँडलरमध्ये पहिलं काम: अॅरे-फ्रॉम वापरून इनपुटच्या फाइल्सची प्रत आपल्या अॅरेत घ्या. दुसरं, लगेच इनपुटची व्हॅल्यू रिकामी करा. हा क्रम उलटा करू नका. फाइल्स प्रॉपर्टीचा नुसता संदर्भ धरून ठेवला आणि मग व्हॅल्यू पुसली तर ती यादीही रिकामी होऊ शकते. पण अॅरेत घेतलेले फाइल ऑब्जेक्ट शाबूत राहतात, इनपुट पुसलं तरी पुढे चढवता येतात. व्हॅल्यू कोडने पुसली की चेंज सुटत नाही, त्यामुळे हँडलर पुन्हा चालायची भीती नाही.

एवढ्याने तुमच्या दोन अडचणी मिटतात. फुली म्हणजे अॅरेवर फिल्टर. आणि तीच फाइल पुन्हा निवडली तर इनपुट रिकामंच असल्यामुळे ब्राउझरच्या दृष्टीने निवड बदललेली असते, चेंज येतो. शिवाय मूळ इनपुटची एक खोड जाते: दुसऱ्यांदा खिडकी उघडून निवडलं की ते आधीची निवड टाकून देतं. अॅरेत मात्र नव्या फाइल्स जुन्यांत मिळतात, आणि ५ फाइल्सच्या अर्जात लोकांना तेच हवं असतं.

काही जण व्हॅल्यू खिडकी उघडायच्या आधी, क्लिकच्या हँडलरमध्ये पुसतात. अॅरे न ठेवता तसं केलं तर खिडकी उघडून रद्द करणाऱ्याची आधीची निवड जाते. ते टाळा.

मिळवताना तीच फाइल दोनदा येऊ नये म्हणून नाव, आकार आणि लास्टमॉडिफाइड जोडून एक किल्ली बनवा. ५ ची मर्यादा मोजताना आधी साठवलेल्या फाइल्सही धरा. जास्तीच्या फाइल्स गुपचूप टाकू नका, कुठल्या आणि का घेतल्या नाहीत ते नावासकट लिहा.

आता इनपुट कायम रिकामं असणार, म्हणून रिक्वायर्ड काढून टाका. त्याऐवजी अॅरे बदलली की सेटकस्टमव्हॅलिडिटी चालवा: यादी रिकामी असेल तर संदेश, नसेल तर रिकामी स्ट्रिंग. ही रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरलात तर फॉर्म कधीच जाणार नाही.

पाठवायचं कसं? एक्सएचआर किंवा फेचने (पान न बदलता कोडमधून विनंती पाठवायच्या दोन पद्धती) पाठवत असाल तर फॉर्मडेटा बनवून प्रत्येक फाइल एकाच फील्डच्या नावाने अपेंड करा. मागे पीएचपी असेल तर त्या नावाच्या शेवटी चौकोनी कंसांची रिकामी जोडी हवी, नाहीतर शेवटचीच फाइल पोहोचते. कंटेंट-टाइप हेडर स्वतः लावू नका. मल्टिपार्टमध्ये (फाइल्स भागाभागांत पाठवायच्या पद्धतीत) भाग वेगळे करणारी बाउंडरी त्या हेडरमध्ये असते आणि ती ब्राउझर ठरवतो. तुम्ही हेडर हाताने लिहिलं की बाउंडरी जाते आणि सर्व्हरला एकही भाग सापडत नाही.

फॉर्म नेहमीसारखा, पान बदलून जाणारा असेल तरी अॅरे चालते. फॉर्मवर फॉर्मडेटा नावाचाच इव्हेंट येतो. त्याच्या हँडलरमध्ये इव्हेंटसोबत आलेल्या फॉर्मडेटात तुमच्या फाइल्स अपेंड करा, ब्राउझर त्या फॉर्मबरोबर पाठवतो. अशा वेळी इनपुटला नेम देऊ नका. रिकाम्या पण नाव असलेल्या फाइल इनपुटमागे शून्य बाइटची, बिननावाची एक फाइल जाते आणि सर्व्हरवर ती सहावी म्हणून मोजली जाते. फॉर्मचं एन्कटाइप मल्टिपार्ट फॉर्म-डेटा आहे ना, तेही बघा. ते नसेल तर फाइलऐवजी तिचं नुसतं नाव पोहोचतं.

दुरुस्तीच्या पानासाठी अॅरेत दोन प्रकारच्या नोंदी ठेवा. साठवलेली नोंद म्हणजे सर्व्हरचा आयडी, नाव, आकार, दुवा. नवी नोंद म्हणजे फाइल ऑब्जेक्ट. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतील. साठवलेलीची फुली दाबली की आयडी काढायच्या यादीत टाका आणि ती यादी फॉर्मबरोबर पाठवा. फुलीसरशी सर्व्हरवरून पुसू नका, माणूस जतन न करता पान सोडून गेला तर त्याचं कागदपत्र गेलं. साठवलेली फाइल फेचने उतरवून, ब्लॉबपासून फाइल बनवून इनपुटमध्ये घालता येते हे खरं आहे, पण त्याने तेच बाइट एकदा खाली आणि एकदा वर जातात, आणि सर्व्हरला ती नवीच फाइल वाटते. त्या वाटेला जाऊ नका.

---

बाइटमोजणी

४१३ बद्दल. तुमच्या कोडच्या पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ ही सेटिंग बघा. काही न लिहिता तिची मर्यादा १ एमबी असते, ३ एमबीची फाइल अडते ती इथेच. ही मर्यादा एका फाइलची नसून संपूर्ण विनंतीची आहे. पाचही फाइल्स एकाच विनंतीत पाठवत असाल तर ५० एमबी आणि वर मल्टिपार्टची भर, म्हणून ५५ ठेवा. एका विनंतीत एकच फाइल असेल तर ११ पुरतात. मी एकेक पाठवण्याच्या बाजूचा आहे: एक फाइल अडकली तर बाकीच्या चार वाया जात नाहीत, आणि प्रत्येकीची पट्टी वेगळी दाखवता येते. एका वेळी दोनच चालू ठेवा. पाचही एकदम सोडल्या तर त्याच बँडविड्थचे पाच तुकडे होतात आणि संथ लाइनवर पाचही वेळ संपून पडण्याची शक्यता वाढते.

एन्जिनएक्स सुटला की पुढची चौकी. पीएचपीत अपलोड-मॅक्स-फाइलसाइझ मुळात २ एमबी आणि पोस्ट-मॅक्स-साइझ ८ एमबी असते. पहिली ओलांडली तर त्या फाइलच्या एररमध्ये १ हा आकडा येतो, ते निदान कळतं. दुसरी ओलांडली तर पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अॅरे रिकामे येतात आणि फॉर्म कोराच आला असं वाटतं. म्हणून विनंतीची कंटेंट-लेंग्थ मोठी आणि दोन्ही अॅरे रिकामे, ही जोडी कोडमध्ये ओळखा. आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) असेल तर मॅक्स-अलाउड-कंटेंट-लेंग्थ बाइटमध्ये लिहायची, मुळात ३,००,००,००० बाइट. आणि जुन्या एएसपी डॉट नेटची मॅक्स-रिक्वेस्ट-लेंग्थ केबीमध्ये, मुळात ४०९६. एक बाइटमध्ये आणि दुसरी केबीमध्ये असल्याने आकडे उलटसुलट पडतात, लिहिताना एकक तपासा.

तुमची १० एमबीची मर्यादाही सगळीकडे एकच हवी. १० गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०४,८५,७६० बाइट. पुढे एक कोटी आणि मागे हा आकडा असा घोळ झाला की मधल्या आकाराच्या फाइल्स पुढेच विनाकारण अडतात.

पट्टी १०० वर जाते कारण ती फक्त पाठवलेले बाइट मोजते. सर्व्हरने ते घेतले, तपासले, साठवले, यातलं तिला काही माहीत नसतं. १०० झालं की पट्टीखाली "तपासणी चालू" लिहा आणि लोड इव्हेंट येऊन स्टेटस २०० च्या घरात आहे हे बघूनच हिरवी खूण द्या. पट्टीसाठी एक्सएचआरच वापरा, फेचमध्ये वर जाणाऱ्या बाइटची प्रगती मिळत नाही. ऐकायचं ते एक्सएचआरच्या अपलोड ऑब्जेक्टवर, सेंडच्या आधी. नुसत्या एक्सएचआरवर प्रोग्रेस ऐकली तर ती खाली येणाऱ्या उत्तराची असते. सर्व्हर दुसऱ्या डोमेनवर असेल तर अपलोडवर लिसनर लावला की ब्राउझर आधी ऑप्शन्सची विनंती पाठवतो, तिला उत्तर द्यायची सोय सर्व्हरवर हवी.

४१३ नेहमी ४१३ म्हणून दिसेल असंही नाही. मोठी कंटेंट-लेंग्थ पाहून सर्व्हर बाइट न वाचताच उत्तर देतो आणि जोडणी तोडतो. ब्राउझर अजून पाठवतच असतो, त्याला जोडणी तुटलेली दिसते आणि तुमच्या हाती एरर इव्हेंट, स्टेटस शून्य. दुसऱ्या डोमेनवर असाल तर एन्जिनएक्सच्या एरर पानावर कॉर्स हेडर (दुसऱ्या डोमेनच्या पानाला उत्तर वाचू देणारं) नसल्यानेही असंच होतं. अॅड-हेडरच्या शेवटी ऑलवेज लिहिलं नाही तर ते हेडर एररच्या उत्तरांना लागत नाही. स्टेटस शून्य दिसलं की "इंटरनेट तपासा" एवढंच सांगून मोकळे होऊ नका.

शून्याचं आणखी एक कारण आहे, आणि अर्धविराम यांच्या अॅरेच्या पद्धतीत ते जास्त भेटेल कारण फाइल निवडल्यापासून पाठवेपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात डिस्कवर ती फाइल बदलली किंवा हलवली तर ब्राउझर ती पाठवायला नकार देतो. फाइल ऑब्जेक्टमध्ये बाइट नसतात, डिस्कवरच्या फाइलकडे बोट असतं. म्हणून पाठवायच्या अगदी आधी स्लाइसने पहिले १०२४ बाइट काढून अॅरेबफर वाचा. वाचता आलं नाही तर "फाइल बदलली आहे, पुन्हा निवडा" असं सांगता येतं. वाचता आलं तर त्याच बाइटमध्ये प्रकारही तपासून होतो. जेपेगची सुरुवात सोळाच्या पद्धतीत एफएफ, डी८, एफएफ अशी असते. पीडीएफमध्ये टक्क्याची खूण आणि तिला लागून पीडीएफ ही तीन अक्षरं. काही पीडीएफमध्ये ही खूण अगदी पहिल्या बाइटवर नसते, थोडी पुढे असते, म्हणून १०२४ बाइटमध्ये कुठेही सापडली तरी चालवून घ्या.

फाइलच्या टाइप प्रॉपर्टीवर विसंबू नका, ब्राउझर ती बहुतेक वेळा एक्स्टेन्शनवरून ठरवतो. अॅक्सेप्ट अॅट्रिब्यूटही फक्त सुचवण्यापुरतं आहे. खिडकीतच "सर्व फाइल्स" निवडता येतं. खरी तपासणी सर्व्हरवर, ती कुठल्याही पुढच्या तपासणीने टळत नाही.

रद्द करायचं बटण देणार असाल तर एक्सएचआरवर अबॉर्ट. पण रद्द दाबेपर्यंत फाइल पूर्ण पोहोचलेलीही असू शकते. प्रत्येक नोंदीला ब्राउझरमध्येच रँडमयूयूआयडीने एक आयडी द्या आणि तो फाइलबरोबर पाठवा. मग त्याच आयडीची फाइल पुन्हा आली तर सर्व्हर दुसरी नोंद करणार नाही, आणि रद्द केलेली शोधून पुसताही येईल. हे फंक्शन एचटीटीपीएसवर आणि लोकलहोस्टवरच मिळतं.

---

जोडपत्र

मनापासून आभार. लेबल आणि अॅरे दोन्ही लावलं, खिडकी आता दर वेळी उघडते. ४१३ एन्जिनएक्सचाच होता. यावरून पुढचे तीन प्रश्न. फाइल्स ओढून टाकायची जागा द्यायची आहे, ती याच अॅरेला कशी जोडावी? हा सगळा भाग डायलॉग एलिमेंटमध्ये आहे आणि डायलॉगवर कॅन्सल ऐकून आम्ही "जतन न करता बंद करायचं?" असं विचारतो. फाइलची खिडकी रद्द केली तरी तोच प्रश्न समोर येतो. आणि रीसेट बटणाने बाकीचा फॉर्म पुसला जातो, अॅरे तशीच राहते.

---

टोकदारकंस

डायलॉगचं सोपं आहे. खिडकी रद्द झाली की फाइल इनपुटवरही कॅन्सल नावाचा इव्हेंट येतो (क्रोम ११३, फायरफॉक्स ९१, सफारी १६.४ पासून), आणि तो बबल होत डायलॉगपर्यंत पोहोचतो. डायलॉगच्या हँडलरमध्ये पहिल्याच ओळीत इव्हेंटचं टार्गेट खुद्द डायलॉग आहे का ते बघा, नसेल तर परत फिरा.

रीसेटचा इव्हेंट प्रत्यक्ष पुसण्याच्या आधी येतो, कारण तो प्रिव्हेंटडिफॉल्टने थांबवता येतो. अॅरे तिथेच रिकामी केलीत तर चालेल, पण फील्डच्या नव्या किमती वाचून पडदा रंगवायचा असेल तर ते काम सेटटाइमआउट शून्यमध्ये टाका. प्रॉमिसच्या देनमध्ये टाकून भागत नाही. माणसाने बटण दाबल्यावर अशी कामं (मायक्रोटास्क) हँडलर संपताक्षणी चालतात, म्हणजे फॉर्म पुसला जायच्या आधीच.

ओढून टाकण्यासाठी ड्रॅगओव्हर आणि ड्रॉप या दोन्हींवर प्रिव्हेंटडिफॉल्ट हवं. ड्रॅगओव्हरवर नसेल तर ड्रॉप येतच नाही आणि ब्राउझर ती फाइल स्वतःच उघडतो, तीही बहुधा याच टॅबमध्ये, म्हणजे भरलेला अर्ज गेला. जागेच्या बाहेर हात सुटला तरी हेच होतं, म्हणून विंडोवरही दोन्ही थांबवा. ड्रॉपच्या हँडलरमध्ये डेटाट्रान्सफरच्या फाइल्स पहिल्या अवेटच्या आधी अॅरेत उतरवून घ्या. हँडलर संपला की तो डेटाट्रान्सफर रिकामा झालेला असतो. त्यानंतर चेंजसाठी जे फंक्शन आहे त्यालाच ही अॅरे द्या. अॅक्सेप्ट आणि मल्टिपल इथे लागू होत नाहीत, पण तुमची संख्या, आकार आणि पहिल्या बाइटची तपासणी त्या फंक्शनमध्येच असेल तर वेगळं काही करायला नको.

कोणी फोल्डर टाकला तर तोही फाइलसारखा दिसतो, टाइप मात्र रिकामा असतो. ड्रॉपमधल्या आयटमवर वेबकिट-गेट-अॅज-एंट्री चालवून इझडिरेक्टरी बघा आणि फोल्डर सरळ नाकारा. पाच कागदपत्रांच्या अर्जाला फोल्डर वाचायची गरज नाही.

जागेची किनार लुकलुकत असेल तर कारण ड्रॅगलीव्ह. आतल्या मजकुरावर माउस गेला तरी तो येतो. रिलेटेडटार्गेट अजून जागेच्या आतच असेल तर तो सोडून द्या.

---

चाचणीपट्टी

हे सगळं आपोआप तपासणार असाल तर थोडी भर. सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवून चाचणी घेणारं साधन) बटण किंवा लेबल दाबू नका. उघडते ती ऑपरेटिंग सिस्टिमची खिडकी, वेबड्रायव्हरला ती चालवता येत नाही आणि चाचणी तिथेच अडकते. थेट इनपुटवर सेंडकीजने फाइलचा पूर्ण पत्ता द्या, अनेक फाइल्स असतील तर मध्ये नवी ओळ. इनपुट नजरेआड असलं तरी चालतं. ब्राउझर दुसऱ्या मशीनवर चालत असेल तर लोकल फाइल डिटेक्टर लावा, नाहीतर तो पत्ता त्या मशीनवर शोधला जातो.

प्लेराइट या तशाच दुसऱ्या साधनात सेट-इनपुट-फाइल्सला पत्त्याऐवजी नाव, माइमटाइप आणि बफरही देता येतो, डिस्कवर नमुना फाइल्स ठेवायला नकोत. पण त्याने तुमचं लेबल तपासलं जात नाही, ते ओलांडून फाइल थेट इनपुटमध्ये जाते. लेबलसाठी वेगळी चाचणी लिहा: आधी फाइलचूझर इव्हेंटची वाट बघायला लावा, मग लेबल दाबा. इव्हेंटची वाट क्लिकनंतर धरली तर तो निसटतो. ड्रॉपसाठी पानाच्या आत डेटाट्रान्सफर बनवून त्याचं हँडल घ्या आणि जागेवर ड्रॉप इव्हेंट सोडा.

अॅरेच्या पद्धतीत निवडीनंतर इनपुटच्या फाइल्सची संख्या शून्यच असणार, ती तपासणाऱ्या जुन्या चाचण्या पडतील. पडद्यावरच्या यादीतल्या ओळी मोजा, आणि जाणारी विनंती अडवून तिच्यात कुठले भाग आहेत ते बघा. सीमेवरच्या दोन फाइल्स नक्की ठेवा: एक नेमकी १,०४,८५,७६० बाइटची, दुसरी एका बाइटने मोठी. दोन्ही बफरने बनवताना सुरुवातीला पीडीएफची खूण घाला, नाहीतर आकाराआधी प्रकाराच्या तपासणीतच पडतील. पहिली खऱ्या एन्जिनएक्समागून पाठवून बघा, विकासाच्या सर्व्हरवर ती मर्यादा बहुधा नसतेच.